हप्ता आला नाय? ऑफिसला पळायच्या आधी पैशाची वाट उलटी धरा

आमच्या गल्लीत पीएम किसानचा हप्ता पडला की दोन प्रकारची माणसं दिसत्यात. एक मोबाईल खिशात टाकून चहाला निघालेली, आणि दुसरी माझ्या दारात कागदांची पिशवी घेऊन उभी. "जरा बघ की रं, सगळ्यांचं आलंय, आमचंच कसं नाय." मी काय सरकारी माणूस नाय, तासगाव तालुक्यात थोडी द्राक्षबाग आणि थोडा ऊस, पण घरात लॅपटॉप हाय म्हणून २०१९ पासून हे काम माझ्याच गळ्यात पडलंय. एवढ्या पिशव्या उलटसुलट करून एक गोष्ट कळलीय की पैसे अडकले की माणूस पहिल्यांदा तलाठ्याकडं जातोय, तिथनं कृषी सहायकाकडं, मग तहसीलला आणि सगळीकडनं फिरून दमला की शेवटी बँकेत. हे सगळं उलटं करायला पायजे. पैसे जिथं पडायचेत तिथनं सुरुवात करायची आणि मागं मागं सरकत सातबाऱ्यापर्यंत यायचं.

(आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि कृषी सहायकाला सहाय्यक कृषी अधिकारी, नावं बदलल्यात. गावात अजून भाऊसाहेबच चालतंय, मी पण जुनंच लिहितोय.)

आधी हिशोब सांगून टाकतो. केंद्राचे पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते, एप्रिल ते जुलै एक, ऑगस्ट ते नोव्हेंबर दुसरा, डिसेंबर ते मार्च तिसरा. त्यावर राज्याचे नमो शेतकरी महासन्मान निधीचे अजून ६,०००, तेही तीन हप्त्यात, त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डीतनं सुटला होता. नमोला वेगळा अर्ज नाय, पीएम किसानची यादीच तिकडं जातेय, म्हणून "नमोचं फॉर्म भरून देतो ५०० द्या" म्हणणारा कोण भेटला तर त्याला चहा पाजून वाटंला लावा. आणि पीएम किसान अडकलं की नमो पण अडकतंय, म्हणजे एका गाठीत वर्षाचे १२,००० जात्यात.

पहिली गाठ, बँक

आमच्या तात्यांचं सांगतो. चार हप्ते नाय आले. तात्या तलाठ्याकडं तीनदा, तालुक्याला दोनदा जाऊन आले, प्रत्येक वेळी "तुमचं सगळं ओके आहे" एवढंच उत्तर. तात्या म्हणले सरकारनं बंद केलं असंल. मी आधारच्या साईटवर, माय आधारमध्ये लॉगिन केलं, त्यात "बँक सीडिंग स्टेटस" म्हणून एक खाना असतोय, तिथं बघतोय तर भलत्याच बँकेचं नाव. तात्यांना आठवेना. मग काकूंना आठवलं, की दोन वर्षांमागं बाजारात एक पोरगं टेबल टाकून बसलं होतं, सिम कार्डाबरोबर फुकट खातं काढून देत होतं आणि तात्यांनी तिथं अंगठा लावला होता. चारी हप्ते त्या खात्यात निवांत पडून होते, ८,००० रुपये.

तर इथं नीट समजून घ्या कारण बँकेतल्या लोकांचा पण यात घोळ होतोय. खात्याला "आधार लिंक" असणं वेगळं आणि "आधार सीडिंग" वेगळं. लिंक म्हणजे बँकेनं तुमचा आधार नंबर आपल्या वहीत लिहून ठेवला एवढंच. सीडिंग म्हणजे एनपीसीआयच्या (बँकाबँकांत पैसे फिरवणारी संस्था) यादीत तुमच्या आधारपुढं कुठल्या बँकेचं नाव हाय ते. सरकार पैसे थेट (त्यालाच डीबीटी म्हणत्यात) आधार नंबरवर सोडतंय, खाते नंबरवर नाय, आणि त्या यादीत एका आधारपुढं एकच बँक असतेय, सगळ्यात शेवटी जिथं संमती दिली ती. म्हणून तुम्ही फॉर्मात कुठलंबी पासबुक जोडा, पैसे जाणार यादीतल्या बँकेतच. काऊंटरला जाऊन "आधार लिंक हाय का" असं विचारलं की तो मान हलवणार, हाय म्हणून सांगणार आणि तुम्ही परत येणार. विचारायचं असं, "माझं हे खातं डीबीटीसाठी एनपीसीआयला मॅप हाय का, नसंल तर संमतीचा फॉर्म द्या." एक पानाचा फॉर्म असतोय, आधारची झेरॉक्स लावायची, सही करायची. चार-पाच दिवसांनी परत माय आधारवर बघायचं, बँकेचं नाव बदललं आणि पुढं ॲक्टिव्ह आलं म्हणजे झालं. इनॲक्टिव्ह दिसलं तर नाव बरोबर असून पण पैसे येत नायत.

लॉगिनला ओटीपी लागतोय म्हणजे आधारला चालू मोबाईल नंबर पायजे. जुना नंबर असंल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. बँकेत कामच होईना तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं निघतंय, पोस्टमन मशीन घेऊन गावात पण येतोय, पण मग इथनं पुढं सगळीच डीबीटी पोस्टात जाणार हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नायतर परत तात्यांसारखं.

अजून एक, खातं बरेच दिवस वापरात नसंल तर बँक ते डॉर्मंट करतेय. केवायसी करून आधी जिवंत करा.

दुसरी गाठ, पोर्टलवर काय दिसतंय

बँक नीट असंल तर पीएम किसानच्या साईटवर "नो युवर स्टेटस" उघडायचं. रजिस्ट्रेशन नंबर लागतोय, माहीत नसंल तर तिथंच वर दुसरी लिंक हाय, मोबाईल किंवा आधार नंबर टाकला की मिळतोय. पान उघडलं की खाली तीन ओळी बघायच्या, लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडली का), ई-केवायसी (आधारनं ओळख पटवली का), आधार बँक अकाऊंट सीडिंग. तिन्हीपुढं यस पायजे. कुठं नो असंल तिथंच तुमचा हप्ता बसलाय, बाकी ठिकाणी चपला झिजवायची गरज नाय. हे पान प्रिंट काढून घ्या, पुढं कुठल्याबी टेबलावर हेच दाखवायचं, "साहेब लँड सीडिंगला नो हाय" म्हणलं की समोरचा माणूस पण नीट बोलतोय.

पानावर हप्त्यापुढं "एफटीओ जनरेटेड" असं काय आलं तर घाबरू नका, म्हणजे पैशाची ऑर्डर निघालीय, पडायचेत. "आरएफटी साईन्ड बाय स्टेट" म्हणजे राज्यानं यादीवर सही केलीय, वाट बघा.

ई-केवायसीला तीन रस्ते. मोबाईल आधारला जोडलेला असंल तर ओटीपीनं साईटवरच होतंय. नसंल तर सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाईन कामं करून देणारं केंद्र) बोटं लावून, त्याचे १५ रुपये. आता आमच्याकडं हळद काढून काढून आणि भांगलण करून बायकांच्या बोटांच्या रेघाच गेल्यात, मशीन बोट घेतच नाय, आमची आत्ती तर सहा वेळा हात धुवून आली तरी नाय. त्याला तिसरा रस्ता, पीएम किसानचं ॲप आणि आधार फेस आरडी ही दोन्ही प्ले स्टोअरवरनं घ्यायची आणि चेहरा दाखवून ई-केवायसी करायची. बोट नको, ओटीपी नको. एका माणसाचं ॲपवर झालं की त्याच मोबाईलवरनं दुसऱ्या १०० जणांचं करता येतंय. दारात उजेडाला बसवा, पदर कपाळावरनं थोडा मागं घ्यायला सांगा, डोळे मिटझाप करायला सांगा, दोन मिनिटांत होतंय. आत्तीचं अंगणातच झालं आणि "फोटो चांगला आला का" विचारत होती.

तिसरी गाठ, जमीन आणि नाव

लँड सीडिंगला नो असंल तर मात्र महसूलकडं जायलाच पायजे. आणि इथं आपल्या सांगली-कोल्हापूरकडचा खास रोग म्हणजे "सो". सातबाऱ्यावर बाळासो, आधारवर बाळासाहेब, पासबुकात बाळू. एकच माणूस, पण कॉम्प्युटरला तीन दिसत्यात. आण्णासो, भाऊसो, तात्यासो सगळ्यांची हीच कथा. बायकांचं अजून वेगळं, सातबारा माहेरच्या नावानं, आधार सासरच्या. आधार हेच मूळ धरा आणि बाकीचं त्याच्या मागं आणा, उलटं करत बसू नका, कारण आधार बदललं की बँक, पॅन, रेशन सगळं हलतंय. सातबाऱ्यावर नाव टायपिंगमधी चुकलं असंल, म्हणजे जुन्या हातानं लिहिलेल्या उताऱ्यात बरोबर आणि संगणकावर चढवताना चुकलं, तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्ती होतेय. तहसीलदारांच्या नावानं अर्ज, सोबत जुना हस्तलिखित उतारा आणि मूळ फेरफार. अर्जात "कलम १५५" हा शब्द लिहाच, नुसतं "नाव दुरुस्त करून मिळावे" लिहिलं तर कागद फिरत बसतोय.

दुसरं म्हणजे वारस नोंद. लई घरात आजोबा जाऊन १० वर्षं झाली तरी सातबारा आजोबांच्याच नावावर, का तर भावाभावात अजून ठरलं नाय. अहो वारस लावणं म्हणजे वाटणी नव्हं! सगळ्यांची नावं एकत्र लागत्यात, वाटणी मग करा सावकाश. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार, तलाठ्याकडं द्या किंवा ई-हक्क पोर्टलवर घरनं टाका. मग हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस लागतेय, त्यानंतर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतोय. पीएम किसानला जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर असायला पायजे, त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर नवीन नोंदणी होत नाय, पण वडील वारल्यामुळं वारसानं आली असंल तर चालतंय. नवीन नोंदणीला वारसाचा फेरफार जोडायला विसरू नका.

आणि एक कडू गोष्ट. माणूस गेला आणि त्याच्या खात्यात हप्ते येतच राहिले तर ते एटीएमनं काढू नका. आमच्या ओळखीतल्या एका काकींनी काढले, त्यांना वाटलं मालकांच्या माघारी सरकार देतंय, आणि मग वसुलीची नोटीस. साईटवर पैसे परत करायला ऑनलाईन रिफंड आणि लाभ सोडायला सरेंडर असे दोन्ही पर्याय हायत. आधी ते करा, मग काकींच्या नावानं नवीन नोंदणी.

कुणाला मिळतच नाय तेपण बघून घ्या म्हणजे फुकट पळापळ वाचंल. नवरा-बायको आणि १८ च्या आतली पोरं मिळून एक कुटुंब, त्यात एकालाच. दोघांच्या नावावर जमीन हाय म्हणून दोघांनी घेतलं असंल तर आता पोर्टल ते शोधून पडताळणी होईपर्यंत दोघांचं थांबवतंय. मागच्या वर्षी इन्कम टॅक्स भरलेला, महिन्याला १०,००० आणि वर पेन्शन असलेला, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), नोंदणीकृत डॉक्टर, वकील, सीए, इंजिनिअर, ह्यांना नाय. टॅक्सच्या बाबतीत पोरं घोळ घालत्यात, टेम्पोच्या कर्जासाठी वडलांच्या पॅनवर उत्पन्न फुगवून रिटर्न भरत्यात, त्यात थोडा टॅक्स बसतोय आणि वडलांचा हप्ता जातोय. घरात एकमेकाला विचारून करा.

लाडकी बहीणचं पण विचारत्यात. ज्या बाईला पीएम किसान आणि नमो दोन्ही मिळतंय तिला लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० नाय, फरकाचे ५०० मिळत्यात. कमी आले म्हणून बँकेत भांडू नका, ती चूक नव्हं.

फार्मर आयडी, हे आता टाळून चालत नाय

ॲग्रीस्टॅकचा (शेतकऱ्यांची सरकारी डिजिटल नोंदणी) ११ आकडी शेतकरी ओळख क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना राज्यात सक्तीचा झालाय आणि पीएम किसानच्या नवीन नोंदणीला पण लागतोय. सीएससीत काढा किंवा स्वतः पोर्टलवर. करताना एकच काळजी, सगळे गट जोडा. गावातला बागायत गट जोडला आणि जतकडं सासऱ्यांकडनं आलेलं जिरायत तसंच राहिलं असं लई जणांचं झालंय, मग पुढं त्या गटाचं नुकसान झालं की त्याचे पैसे मागायला परत पहिल्यापासनं. सातबारा आणि आठ-अ दोन्ही समोर ठेवून एकेक गट टिक करत जा.

ठिबकचं अनुदान, इथं मी स्वतः आपटलोय

हे जरा सविस्तर सांगतो कारण २,००० च्या हप्त्यापेक्षा इथं पैसे मोठे असत्यात. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज. केंद्राच्या प्रति थेंब अधिक पीक योजनेतनं ५ एकरापर्यंतच्या, म्हणजे २ हेक्टरच्या आतल्या अल्प-अत्यल्पभूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के, त्यावर राज्य मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतनं २५ आणि ३० टक्के घालतंय, म्हणजे एकूण ८० आणि ७५ टक्के. जास्तीत जास्त ५ हेक्टरपर्यंत. एकदा घेतलं की त्याच जागेवर ७ वर्षं परत नाय. आणि हे टक्के तुमच्या बिलाच्या रकमेवर नव्हं, सरकारनं ठरवलेल्या मापदंडावर मिळत्यात, त्यामुळं दुकानदार "८० टक्के माफ" म्हणतोय तेव्हा हिशोब कागदावर मांडून मागा. पहिल्यांदा सोडत निघायची, २०२५-२६ पासून प्रथम अर्ज प्रथम प्राधान्य झालंय, म्हणजे ज्याचा अर्ज आधी त्याचा नंबर आधी.

आता माझं. आडसाली उसाची लागण करायची होती, जुलै उजाडलेला, रोपं तयार, अर्ज केलेला पण पूर्वसंमती आली नव्हती. दुकानदार म्हणला, दादा तुम्ही पाईप घेऊन जावा, बिल नंतरच्या तारखेचं करून देतो, सगळेच तसं करत्यात. मी नेले, जोडले, पाणी सोडलं. संमतीचा मेसेज लागणीनंतर महिन्यानं आला. मोका तपासणीला (रानात येऊन बघायला) माणूस आला, जिओ टॅगिंगचा फोटो काढताना ठिबकच्या नळीवर शेवाळ आणि ऊस गुडघ्याला, आणि बिलावर तारीख आठ दिवसांपूर्वीची! त्यो बिचारा हसला, म्हणला मी काय लिहू सांगा. अनुदान गेलं. दुकानदारानं नंतर फोन उचलला नाय. तर क्रम पाठ करा: अर्ज, निवड झाल्याचा मेसेज, मुदतीत कागद अपलोड, पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल अपलोड, मग मोका तपासणी, मग खात्यावर पैसे. पूर्वसंमती हातात येईस्तोवर एक फूट नळी पण घेऊ नका. लागण थांबत नसंल तर पाटानं पाणी द्या एक महिना, ऊस मरत नाय.

पैसे दुकानदाराला रोख देऊ नका, स्वतःच्या खात्यावरनं ऑनलाईन नायतर चेकनं द्या म्हणजे पुरावा राहतोय. बिलावर जीएसटी नंबर, तुमचं नाव आधारप्रमाणं (परत ते "सो" बघा), गट नंबर. आणि अनुदान येणार त्याच एनपीसीआयवाल्या बँकेत, म्हणजे पहिली गाठ इथं पण लागू.

पाचटकुट्टी, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र ह्या अवजारांना पण महाडीबीटीच, अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, मर्यादा प्रत्येक यंत्राला वेगळी. क्रम तोच.

अतिवृष्टीची मदत

ह्याला अर्ज नसतोय, पंचनामा असतोय, म्हणून पंचनाम्याला माणूस येईल त्या दिवशी रानात हजर राहा, घरात नको. २०२५ च्या पावसाला दर हेक्टरी जिरायतला ८,५००, बागायतला १७,०००, फळबागेला २२,५०० होता, ३ हेक्टरच्या मर्यादेत. आता बघा, द्राक्षबाग असून सातबाऱ्यावर पीक लागलेलं नसंल तर पंचनाम्यात वाद होतोय. म्हणून ई-पीक पाहणी. ॲपवर गटात उभं राहून फोटो काढायचा, पाच मिनिटांचं काम, आणि आमच्याकडं निम्मं गाव "तलाठी लावतंय की" म्हणून बसतंय.

यादी लागली की त्यात तुमच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक असतोय, सगळे व्हीके नंबर म्हणत्यात. तो घेऊन आपले सरकार केंद्रात केवायसी करायची मग पैसे सुटत्यात. फार्मर आयडी असलेल्यांना २०२५ ला ह्या केवायसीतनं सूट दिली होती, हा पण त्याचा एक फायदा. आणि मदतीच्या रकमेतनं कर्ज कापून घेऊ नये असं शासनाच्या आदेशात लिहिलेलं असतंय, बँकेनं होल्ड लावला तर तो जीआर डाऊनलोड करून मॅनेजरपुढं ठेवा, भांडण न करता काम होतंय.

हप्त्याच्या आसपास व्हॉट्सॲपवर "पीएम किसान यादी" नावाची एपीके फाईल (उघडली की मोबाईलमधी ॲप टाकणारी) फिरतेय, भावकीच्या ग्रुपवरनंच येतेय कारण पाठवणाऱ्याचा मोबाईल आधीच हॅक झालेला असतोय. उघडू नका. उघडली आणि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन, उद्या बघू म्हणू नका, पहिल्या तासाभरात पैसे थांबवता येण्याची आशा असतेय. पीएम किसानची हेल्पलाईन १५५२६१ आहे, आधारची १९४७.

एवढं करून पण सुटलं नाय तर लेखी अर्ज. एकच अर्ज, दोन प्रती. एक द्यायची आणि दुसरीवर आवकचा शिक्का, तारीख, नंबर घ्यायचा. "राहू द्या हो, ठेवा टेबलावर" म्हणले तरी शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाय. मी एका ऑफिसात तात्यांच्या नाव दुरुस्तीचा अर्ज दिला, दोन महिन्यांनी गेलो तर असा अर्जच आलेला नाय म्हणले. पोच काढून पुढं ठेवली, आवक नंबर वाचला, रजिस्टर उघडलं, आणि मागच्या कपाटात दहा मिनिटांत अर्ज सापडला. पोच तात्यांच्या पिशवीतच ठेवलीय, प्लास्टिकच्या कागदात, सातबाऱ्याच्या वर.